ऑर्गनायझेशनमधला झेड खरंच अमेरिकन आहे का? थिसिसमध्ये एस करायचा की राहू द्यायचा?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, म्हणून आधी मला तो कसा कळला ते लिहिते. तुम्ही मक्याच्या मुळांभोवतीच्या मातीतल्या सूक्ष्मजीवांवर पीएचडी करताय, थिसिस इंग्रजीत आहे, विद्यापीठाच्या नियमांत "ब्रिटिश स्पेलिंग वापरावे" एवढं एकच वाक्य आहे, आणि गाईडनी पहिल्याच चॅप्टरमध्ये ऑर्गनायझेशन या शब्दातल्या झेडला लाल गोल करून शेजारी "अमेरिकन" असं लिहून दिलंय. तुम्ही विचारताय की झेड खरंच अमेरिकन असतो का, आणि असेल तर फाइंड-रिप्लेस मारून सगळीकडे एस करून टाकू का, कारण सबमिशनला नऊच दिवस राहिलेत.

रिप्लेस ऑल मारू नका. कारण पुढे सांगतेच, पण हे वाक्य आधीच लिहून ठेवते, कारण दिवस थोडे असले की माणूस उत्तर पूर्ण वाचायच्या आत बटण दाबून मोकळा होतो, आणि तुमचा विषय नेमका असा आहे की त्यात हे बटण भयंकर नुकसान करेल.

मी एकोणीस वर्षं इंग्रजी मजकुराचं कॉपी-एडिटिंग करतेय, त्यातली बरीचशी कामं शास्त्रीय विषयांची, म्हणजे थिसिस, जर्नलचे पेपर, पाठ्यपुस्तकं अशी. "झेड म्हणजे अमेरिकन, एस म्हणजे ब्रिटिश" हे या काळात इतक्या लोकांनी इतक्या खात्रीने सांगितलंय की सुरुवातीची काही वर्षं मीपण तसंच समजत होते. ते अर्धंच खरं आहे. अमेरिकन इंग्रजीत ऑर्गनाइझ झेडनेच लिहितात, एस लिहिला तर चूक धरतात, इथपर्यंत बरोबर. पण ब्रिटिश इंग्रजीत दोन्ही चालतात, आजही चालतात, आणि दोन्हींमागे मोठमोठ्या संस्था उभ्या आहेत. म्हणजे झेड दिसला की लिहिणारा अमेरिकन, असं त्या एका अक्षरावरून ठरवता येत नाही.

झेड आला कुठून ते बघा. ऑर्गनाइझच्या शेवटी असलेला आय-झेड-ई हा प्रत्यय मुळात ग्रीक, तिथून लॅटिनमध्ये गेला, आणि ग्रीक-लॅटिन दोन्हीकडे तो झेडनेच होता. फ्रेंचमध्ये गेल्यावर तिथल्या सवयीप्रमाणे त्याचा एस झाला, आणि इंग्रजीने हे शब्द काही लॅटिनमधून घेतले, काही फ्रेंचमधून, त्यामुळे दोन्ही स्पेलिंगं आत आली. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत ऑर्गनाइझ या क्रियापदाची सगळ्यात जुनी नोंद साधारण १४२५ची आहे, गी द शोलियाक नावाच्या फ्रेंच वैद्याच्या शस्त्रक्रियेवरच्या ग्रंथाच्या इंग्रजी भाषांतरातली, आणि तिथे स्पेलिंग झेडनेच आहे. कोलंबस अटलांटिक ओलांडून गेला १४९२ साली. म्हणजे अमेरिका युरोपच्या नकाशावर यायच्या आधी हा झेड इंग्लंडात लिहिला जात होता, त्याला अमेरिकन कसं म्हणायचं?

लोक इथे नोआ वेबस्टरचं नाव घेतात. वेबस्टरने १८०६ साली छोटा आणि १८२८ साली मोठा शब्दकोश काढला, आणि कलरमधला यू काढणं, सेंटरच्या शेवटी आर-ई ऐवजी ई-आर करणं हे त्याच्याच कोशांमुळे अमेरिकेत पक्कं झालं. पण ऑर्गनाइझमधला झेड काही त्याने शोधलेला नाही, तो आधीपासून होताच. आणि ऑक्सफर्डचा मोठा कोश १८८४ पासून भागाभागाने निघायला लागला तेव्हा त्याचे संपादक जेम्स मरे यांनी विचार करून झेडची बाजू घेतली, मूळ प्रत्यय ग्रीक आहे, उच्चारही झ असाच होतो, मग मधल्या फ्रेंचची स्पेलिंग इंग्रजीने का उचलायची, असा त्यांचा मुद्दा होता. त्या घराण्याचे कोश आजही झेडवालं रूप आधी देतात आणि एसवालं "हेही चालतं" म्हणून देतात.

मग ब्रिटनमध्ये एस इतका का पसरला? मला पटतं ते कारण अगदी व्यवहारातलं आहे. झेडची पद्धत पाळायची तर अपवादांची एक लांबलचक यादी डोक्यात ठेवावी लागते, कारण काही शब्द जगात कुठेही, अमेरिकेतसुद्धा, एसनेच लिहायचे असतात. अॅडव्हर्टाइझ, सरप्राइझ, सुपरवाइझ, रिव्हाइझ, कॉम्प्रमाइझ, एक्झरसाइझ, इम्प्रोव्हाइझ, टेलिव्हाइझ हे सगळे त्यातले. यांच्या शेवटी तो ग्रीक प्रत्यय नाहीच, ते अक्षर मूळ शब्दाचाच भाग आहे. रिव्हाइझ आणि सुपरवाइझमध्ये 'बघणं' या अर्थाचं लॅटिन मूळ आहे, व्हिजनमध्ये आहे तेच. सरप्राइझमध्ये 'घेणं' आहे, कॉम्प्रमाइझमध्ये 'ठेवणं, पाठवणं' आहे. आता रोजच्या रोज अंक काढणाऱ्या माणसाने रात्री अकरा वाजता कुठल्या शब्दाचं मूळ ग्रीक आणि कुठल्याचं नाही हे बघत बसायचं का? सगळीकडे एस लिहिला की काम भागतं, फक्त साइझ, प्राइझ, सीझ, कॅपसाइझ असे बोटावर मोजण्याइतके शब्द लक्षात ठेवायचे. केंब्रिजच्या प्रकाशनांचा कल एसकडे, बहुतेक ब्रिटिश वर्तमानपत्रं एसकडे, युरोपियन कमिशनच्या इंग्रजी विभागाची पद्धतही एसचीच, आणि ऑस्ट्रेलियातही एसच. एवढं सगळं डोळ्यांसमोर आल्यावर ब्रिटिश माणसालाही झेड परका वाटायला लागला तर त्यात नवल नाही. तुमच्या गाईडची समजूत तिथूनच आलेली आहे, आणि ती काही त्यांची एकट्याची नाही.

मुळाचा हा नियमही शंभर टक्के चालत नाही हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. रेकग्नाइझमध्ये तो ग्रीक प्रत्यय नाही, तो शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलाय, तरी ऑक्सफर्ड तो झेडनेच लिहितं. म्हणून मी कुणालाही "मूळ बघा आणि ठरवा" असं सांगत नाही, कोश उघडा असंच सांगते.

आता मजकूर ब्रिटिश आहे की अमेरिकन हे ओळखायचं कसं? ऑर्गनाइझकडे बघूच नका, त्याचे शेजारी बघा. अॅनलाइझ बघा. याचा शेवट वाय-एस-ई असा, आणि तो 'सोडवणं, सुटं करणं' या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आलाय, अॅनॅलिसिसमध्ये दिसतो तोच, म्हणजे इथे एस मुळातलाच आहे. त्यामुळे झेडची बाजू घेणारं ऑक्सफर्डसुद्धा अॅनलाइझ एसनेच लिहितं, आणि झेडने लिहितात ते अमेरिकन. पॅरलाइझ, कॅटलाइझ, हायड्रोलाइझ यांचंही तसंच, आणि तुमच्या विषयात यातले दोन तरी पानोपानी असणार. कलर, बिहेव्हियरमध्ये यू आहे का, फायबर, लिटर, सेंटरच्या शेवटी आर-ई आहे का, लेबल्डमध्ये दोन एल आहेत का हे बघा. अॅनलाइझ एसने, कलरमध्ये यू, आणि ऑर्गनाइझ झेडने, असा मजकूर असेल तर तो अस्सल ब्रिटिश आहे, त्याला ऑक्सफर्ड स्पेलिंग म्हणतात (वाक्यात 'अँड'च्या आधी येणारा ऑक्सफर्ड कॉमा ही वेगळीच गोष्ट, लोक दोन्हीची सरमिसळ करतात). संगणकासाठी भाषांच्या कोडची जी अधिकृत यादी असते तिच्यातसुद्धा या पद्धतीला स्वतंत्र कोड आहे. आणि अॅनलाइझही झेडने आणि कलरही यूशिवाय असेल तर मग गाईडचा लाल गोल बरोबर आहे, फक्त तो चुकीच्या शब्दाभोवती पडलाय.

कॅनडाचं उदाहरण मला फार आवडतं, तिथे कलरला यू लावतात, सेंटर आर-ई ने लिहितात, आणि ऑर्गनाइझ आणि अॅनलाइझ दोन्ही झेडने. म्हणजे इंग्रजीचे दोनच डबे आहेत आणि प्रत्येक शब्द यात नाहीतर त्यात, असं चित्र डोक्यात असेल तर ते काढून टाका.

आता तुमच्या थिसिसमध्ये नक्की असणार अशी एक जागा. मातीचा विषय आहे म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या फूड अँड अॅग्रिकल्चर ऑर्गनायझेशनचे आकडे आणि मातीचं वर्गीकरण तुम्ही कुठेतरी वापरलं असणारच. तिच्या अधिकृत नावात झेड आहे. वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशनमध्येही झेड आहे. आणि इंटरनॅशनल लेबर ऑर्गनायझेशनचं नाव एकदा नीट, एकेक अक्षर वाचून बघा, लेबरमध्ये यू आहे आणि ऑर्गनायझेशनमध्ये झेड. अमेरिकन असतं तर यू नसता. संयुक्त राष्ट्रांचं इंग्रजी हे ऑक्सफर्ड पद्धतीचं ब्रिटिश इंग्रजी आहे, आणि गाईडना दाखवायला याच्याइतका सरळ पुरावा दुसरा नाही, एका ओळीत मावतो. उलट पॅरिसमधल्या ओईसीडीच्या, म्हणजे आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या, इंग्रजी नावातलं ऑर्गनायझेशन एसने आहे. ही विशेषनामं आहेत, ती त्या त्या संस्थेने ठरवली तशीच लिहायची. तुम्ही अख्खा थिसिस एसने केलात तरी फूड अँड अॅग्रिकल्चर ऑर्गनायझेशनमधला झेड झेडच राहणार, आणि पुढच्याच वाक्यात "ही संस्था" या अर्थाने साधा शब्द आला तर तो एसने. डोळ्यांना खटकतं, मान्य आहे, पण तेच बरोबर.

तर तुम्ही काय करायचं? हे तीन-चार गोष्टींवर अवलंबून आहे. विद्यापीठाच्या नियमात खरंच ते एकच वाक्य आहे का, की कुठेतरी परिशिष्टात एखाद्या कोशाचं नाव दिलंय, हे आधी बघा. "ऑक्सफर्ड कोशाप्रमाणे" असं लिहिलेलं असेल तर पहिली पसंती झेडला मिळते आणि तुमचा मजकूर आहे तसा बरोबर ठरतो. कोशाचं नाव नसेल तर दोन्ही पद्धती नियमात बसतात, मग गाईडचं मत चालतं, कारण सही त्यांची आहे. तिसरं म्हणजे थिसिसमध्ये आधी छापून आलेले पेपर जसेच्या तसे जोडले असतील तर त्यांना हात लावायचा नाही, ते ज्या जर्नलमध्ये आले त्याच्या पद्धतीने राहतील. आणि ज्या जर्नलला पुढे पेपर पाठवणार आहात त्याचा थिसिसशी संबंध नाही, ते तेव्हा बघू.

तुमच्या जागी मी असते तर एस केला असता. गाईड बरोबर आहेत म्हणून नाही, तर एसही तितकाच बरोबर आहे म्हणून. दोन बरोबर पर्यायांपैकी एकाने सही लवकर मिळत असेल तर नऊ दिवसांत दुसऱ्यासाठी भांडण्यात अर्थ नाही, ती ताकद व्हायव्हासाठी ठेवा. पण एस करायचा तर शेवटच्या पानापर्यंत करायचा, कारण परीक्षकाला एकवेळ झेड चालेल, एस चालेल, पण एका पानावर झेड आणि दुसऱ्या पानावर एस दिसला की तो बाकीच्या गोष्टींकडेही संशयाने बघायला लागतो. मी स्वतः तशीच बघते.

आता ते रिप्लेस ऑलचं. तुम्ही कदाचित असा विचार केला असेल की ऑर्गनाइझ, ऑर्गनाइझिंग, ऑर्गनायझेशन, सगळ्यांत आय आणि झेड ही जोडी आहे, तर आय-झेड शोधायचं आणि आय-एस करायचं, एका फटक्यात काम. तुमच्या थिसिसमध्ये ही जोडी अजून कुठे कुठे आहे ते मोजा. रायझोस्फिअर, म्हणजे मुळांभोवतीची माती. रायझोबियम हे जिवाणू. मायकोरायझा ही मुळांशी जोडलेली बुरशी. मातीचे थर म्हणून तुम्ही जो होरायझन शब्द वापरता तो. पार्टिकल साइझ. आणि खुद्द मका, म्हणजे मेझ. एका सेकंदात तुमचं पीक, मुळं, जिवाणू, बुरशी आणि मातीचे थर सगळ्यांची स्पेलिंगं बिघडतील, आणि संदर्भसूचीत रुईझ, ऑर्टिझ अशी आडनावं असतील तर ती माणसंही बदलून जातील. फक्त आय-झेड-ई शोधलंत तरी साइझ आणि मेझ सुटत नाहीत.

उलट्या दिशेचं तर मी स्वतः भोगलंय. कामाच्या तिसऱ्या का चौथ्या वर्षी एका प्रकाशकाचं जीवशास्त्राचं पुस्तक माझ्याकडे आलं, लेखकाने सगळं एसने लिहिलेलं आणि प्रकाशकाला ऑक्सफर्ड पद्धत हवी होती. मी शब्दाचा पुढचा भाग धरून, ओ-आर-जी-ए-एन-आय-एस एवढं शोधलं आणि शेवटचा एस झेड केला, मला वाटलं मी काळजीपूर्वक करतेय. ऑर्गॅनिझम हा शब्दही त्याच अक्षरांनी सुरू होतो हे माझ्या लक्षातच आलं नाही. पुस्तकभर सजीवांच्या नावात झेड शिरला, कॅरेक्टराइझ असंच बदलताना कॅरेक्टरिस्टिकमध्येही तसाच शिरला, आणि हे लेखकाला प्रूफात दिसलं, मला नाही. त्यांनी पहिल्या पानावर पेन्सिलीने फक्त "कृपया सर्व पाने पुन्हा पाहावीत" एवढंच लिहिलं होतं. ती पानं मी तीन रात्री एकेक ओळ बोट ठेवून वाचली. त्यानंतर आजवर मी एकदाही रिप्लेस ऑलचं बटण न बघता दाबलेलं नाही.

तुमची दिशा झेडकडून एसकडे आहे हे तुमचं नशीब, कारण या दिशेने शब्दाचा पुढचा भाग धरून बदलणं बरंच सुरक्षित असतं. ओ-आर-जी-ए-एन-आय-झेड अशी सुरुवात ऑर्गनाइझच्या कुटुंबाबाहेर कुणाची नाही. तर असं करा, एक कोरा कागद घ्या आणि तुमच्या थिसिसमध्ये येणारी अशी क्रियापदं हाताने लिहून काढा, तुमच्या विषयात साधारण ही येतील: ऑर्गनाइझ, कॉलनाइझ, मिनरलाइझ, स्टरलाइझ, फर्टिलाइझ, इमोबिलाइझ, सोल्युबिलाइझ, कॅरेक्टराइझ, युटिलाइझ, ऑप्टिमाइझ, स्टँडर्डाइझ, नॉर्मलाइझ, समराइझ, हायपोथेसाइझ, रेकग्नाइझ. प्रत्येकाचा झेडपर्यंतचा भाग शोधा, एकेक सापडलेली जागा डोळ्यांनी बघा, मग बदला, आणि कागदावर खूण करा. फर्टिलायझर, मिनरलायझेशन ही नामं त्यातच येऊन जातात. लोक नेमकं हेच विसरतात, क्रियापद एस करतात आणि नाम झेडचं राहून जातं, मी तपासलेल्या बहुतेक थिसिसमध्ये क्रियापद आणि नाम असं फाटलेलं सापडतं. दोनशे पानांना हे एका दुपारचं काम आहे. शेवटी परत आय-झेड शोधा, पण यावेळी फक्त बघायला, बदलायला नाही, उरलेल्या जागा रायझोस्फिअर, होरायझन, साइझ, मेझ असे शब्द, विशेषनामं, अवतरणं, कोड आणि संदर्भ एवढ्याच असायला हव्यात. मग वाय-झेड शोधून अॅनलाइझ, हायड्रोलाइझ बघून घ्या, तिथला झेड कुठल्याच ब्रिटिश पद्धतीत बसत नाही.

हे करताना तीन जागी हात लावायचा नाही. अवतरणचिन्हांतला दुसऱ्याचा मजकूर, संदर्भसूचीतली पेपरांची आणि पुस्तकांची शीर्षकं, आणि परिशिष्टातला कोड. कोडचं खास सांगते कारण तुम्ही आकडेमोड आर या संगणकभाषेत केली असं लिहिलंय. आर मधल्या काही पॅकेजांना दोन्ही स्पेलिंगं चालतात, डीप्लायरमध्ये समराइझ एसनेही चालतं आणि झेडनेही, जीजीप्लॉटमध्ये कलर यूसकट आणि यूशिवाय दोन्ही चालतं, पण सगळीकडे अशी सोय नसते. बहुतेक भाषांमध्ये फंक्शनच्या नावातला झेड एस केला की प्रोग्राम बंदच पडतो, आणि परीक्षकाने तुमचा कोड चालवून बघितला तर पंचाईत.

स्पेलचेकरवर विसंबून राहू नका. वर्डमध्ये भाषा युनायटेड किंगडमची इंग्रजी लावली तर ऑर्गनाइझ एसनेही चालतं आणि झेडनेही, लाल रेघ येत नाही, कारण दोन्ही बरोबरच आहेत. म्हणजे रेघ नाही याचा अर्थ थिसिसभर एकसारखं आहे असा होत नाही, ते तुम्हालाच बघायचंय. अजून एक, वर्डमध्ये भाषेची सेटिंग मजकुराच्या तुकड्याला चिकटलेली असते, अख्ख्या फाइलला नाही. दुसरीकडून कॉपी करून आणलेला परिच्छेद आपली अमेरिकन सेटिंग सोबत घेऊन येतो, आणि मग त्या एकाच परिच्छेदात कलरमधल्या यूला लाल रेघ आणि बाकी सगळीकडे नाही, असा गोंधळ होतो. आधी सगळा मजकूर सिलेक्ट करून एकच भाषा लावा, नंतरच तपासायला बसा.

ग्राफ आणि फोटो राहतात, नेहमी राहतात. आकृतीत आडव्या अक्षाखाली कॉलनायझेशनची टक्केवारी असं लिहिलेलं असेल आणि आकृती चित्र म्हणून चिकटवलेली असेल तर शोधायच्या खिडकीला ते दिसतच नाही. प्रत्येक आकृती उघडून अक्षांवरची आणि कोपऱ्यातली अक्षरं वाचा, आणि बदलायचं असेल तर मूळ कोडमध्ये बदलून आकृती परत काढा. कोडला हात लावू नका म्हटलं ते फंक्शनच्या नावांसाठी, अवतरणात दिलेलं अक्षाचं नाव बिनधास्त बदला. तक्त्यांचे मथळे, पानाच्या वरची ओळ, अनुक्रमणिका हे पण बघा, अनुक्रमणिका तर अपडेट केल्याशिवाय जुनीच राहते.

शेवटी शब्दसूची असेल तर तिचा क्रमही बदलतो, हे सहसा कुणी सांगत नाही. झेड असताना ऑर्गॅनिझम आधी येतो आणि ऑर्गनायझेशन नंतर. एस केल्यावर ऑर्गनायझेशन वर जातं आणि ऑर्गॅनिझम त्याच्या खाली, कारण एसनंतर ए आधी आणि एम नंतर. सूची हाताने बनवली असेल तर ती ओळ उचलून वर न्या.

जाता जाता, गाईड पुढच्या चॅप्टरमध्ये सल्फरवर गोल करणार असा माझा अंदाज आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. सल्फर एफने लिहिणं अमेरिकन आणि पी-एचने ब्रिटिश, असं आपण शाळेपासून धरून चालतो, पण रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना आययूपॅकने १९९० साली एफवालं रूप स्वीकारलं आणि ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने १९९२ साली तेच घेतलं. त्यामुळे ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ आज शास्त्रीय लिखाणात एफनेच लिहितात. तिथे मी एफ ठेवला असता आणि गाईडना ही दोन सालं सांगितली असती. सल्फेट, सल्फाइड त्याच्याबरोबरच जातील, एक एफने आणि एक पी-एचने असं नको.

आणि गाईडशी बोलताना "सर, तुमचं चुकलं" अशी सुरुवात करू नका. आधी एस करा, चॅप्टर नेऊन द्या, आणि सोबत एका ओळीची नोंद जोडा की या थिसिसमध्ये ब्रिटिश स्पेलिंगची एसवाली पद्धत वापरली आहे, संस्थांची नावं आणि संदर्भांची शीर्षकं मूळ रूपात ठेवली आहेत. ही ओळ थिसिसच्या सुरुवातीलाही घाला, म्हणजे फूड अँड अॅग्रिकल्चर ऑर्गनायझेशनमधल्या झेडला परीक्षक गोल करायला लागले तर त्यांना उत्तर आधीच मिळालेलं असेल. क्रियापदांची यादी करताना एखाद्या शब्दावर अडलात तर इथेच खाली लिहा, मी उद्या सकाळी परत बघते.